सावळाभाऊंचे टेकू

सावळाभाऊ समोरून येऊ लागले की आधी त्यांचा कंटाळा दिसायचा आणि मागून ते. गुडघ्यापर्यंतचे काळे गमबूट, गळ्यात टॉवेल, डोक्यावर एके काळी पांढरी असलेली टोपी, आणि चाल अशी की कुणीतरी चांगल्या झोपेतून उठवून उगाचच कामाला लावलंय. कॅम्पवर आलेली पाहुणेमंडळी त्यांना बघून मला हळूच विचारायची, "हेच चालवणार का? त्यांना बरं नाहीये का?" मी सांगायची, "बरे आहेत. चेहराच तसा आहे."

मी लोणावळ्याची. पवनेच्या पाण्याकाठी, तिकोना पेठेच्या अलीकडे, आमच्या साहेबांचा कॅम्प आहे; तिथं ऑफिस सांभाळते. ऑफिस म्हणजे पत्र्याची खोली, एक टेबल, लाल प्लास्टिकची खुर्ची आणि दिवसभर वाजणारा फोन. तंबू अगदी पाण्याला लागून आहे का, पनीर अनलिमिटेड आहे का, शनिवारी पाऊस नक्की पडेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्यामुळे कंटाळा ही काही सावळाभाऊंची एकट्याची मिरास नव्हती. फरक इतकाच, की माझा फोनवर लपायचा आणि त्यांना लपवायची गरजच वाटत नसे.

साहेब पुण्याचे, तरुण, आणि मनानं वाईट नाहीत. पण त्यांना दर मोसमात काहीतरी नवं आणल्याशिवाय चैन पडत नाही. एका उन्हाळ्यात त्यांनी कुठूनशी एक जुनी सहाचाकी गाडी आणली. खाली होडीसारखा बंद तळ, दोन्ही अंगांना तीन-तीन फुगीर चाकं, स्टिअरिंगच्या जागी मोटरसायकलसारखं हँडल. ती रस्त्यावर चालायची, चिखलात चालायची आणि पाण्यात शिरली की तरंगायची. चाकंच फिरून पाणी मागं ढकलायची. साहेबांनी तिच्या अंगावर इंग्रजीत डरकाळी फोडणारं काहीतरी नाव रंगवून घेतलं. ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही, कारण सावळाभाऊंनी तिला पहिल्याच दिवशी एकदा समोरून, एकदा मागून पाहिलं आणि म्हणाले, "म्हस हाय ही. पान्यात बसंल, चिखलात लोळंल, आन तिच्या मनात आलं तरच भाईर ईल."

तेव्हापासून ती म्हस.

सावळाभाऊ त्याआधी पावसाळ्यात लोकांच्या भातखाचरांत चिखलणी करून द्यायचे, पॉवर टिलर घेऊन. चिखल त्यांना नवा नव्हता, म्हणून साहेबांनी त्यांना म्हशीवर बसवलं. त्यांची एक सवय होती. फेरी मारून आले की खाली उतरायचे, टॉवेलनं हात पुसायचे आणि सहाही चाकांच्या मधल्या वाटीवर एकेक करून तळहात ठेवायचे. पाहुण्यांना सेल्फी काढायचा असे, सावळाभाऊंचं लक्ष चाकावर. वाटी कोमट लागली तर पुढच्या चाकाकडं जायचे. तापलेली लागली तर म्हणायचे, "हिला बसू द्या." मग साहेब येवोत नाहीतर साहेबांचे पाहुणे, म्हस बसलेली असायची.

दुसरा त्यांचा शब्द म्हणजे "दमानं". पाहुण्यांनी गाडीत उडी मारली, "दमानं". स्पीकर लावला, "दमानं". एकदा एका बाईंनी पाण्याच्या मधोमध उभं राहून व्हिडिओ करायचा हट्ट धरला. सावळाभाऊंनी इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसून राहिले. म्हस पाण्यावर नुसती डुलत राहिली. त्या बाई खाली बसेपर्यंत त्यांनी ना मान वळवली ना शब्द काढला. काठावर आल्यावर बाईंनी माझ्याकडं तक्रार केली, की तुमचा ड्रायव्हर उद्धट आहे. मी म्हटलं, "उद्धट नाहीत, दमलेले आहेत." बाईंना ते पटलं नाही. मला मात्र तेव्हाच वाटलं होतं, की या माणसाचं दमणं या गाडीवरचं नाही.

पोळ्याचा किस्सा सांगायलाच हवा. आमच्याकडं पोळा भाद्रपदात. त्या वर्षी तो नेमका जोडून आलेल्या सुट्टीत पडला आणि कॅम्प खचाखच भरला. सकाळी पाहते तर म्हस धुऊन पुसून उभी, हँडलला गोंडे, पुढच्या दिव्यांना गेरूचे ठिपके, आणि सावळाभाऊ शेजारी उकिडवे.

"आज हिला जुपायची न्हाई," ते म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो भाऊ, पोळा बैलांचा. तुम्हीच तर हिला म्हैस म्हणता!"

"कामाच्या जनावराचा सन हाय, साहेब. जनावर कंचं, ते काम इचारत न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, मी फोन उचलला. दिवसभर पाहुणे त्या सजलेल्या म्हशीबरोबर फोटो काढत राहिले आणि कॅम्पच्या इंटरनेटवरच्या पानावर तिचंच कौतुक झालं. साहेबांनी दुसऱ्या वर्षी "पारंपरिक पोळा" अशी जाहिरातच केली. सावळाभाऊंना ते कळलं तेव्हा त्यांनी नुसतं तोंडातलं पान दुसऱ्या गालात सरकवलं.

त्यांचं दमणं कशाचं, हे मला हिराबाई पहिल्यांदा कॅम्पवर आली तेव्हा कळलं. हिराबाई त्यांची बायको. पाण्याच्या पलीकडे, तुंग किल्ल्याच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी चार-सहा घरांची वस्ती आहे, तिथं यांचं घर. हिराबाईच्या किडन्या निकामी झालेल्या. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात मशीनवर घालायला लागायचं. उन्हाळ्यात वस्तीपर्यंत जीप जायची. पावसाळ्यात मधला ओढा आडवा यायचा आणि वाट तुटायची. मग होडीनं पाणी ओलांडता यायचं, पण होडीतून उतरल्यावर घरापर्यंतचा तांबडा चढ म्हणजे नुसता लोण्यासारखा चिखल. धडधाकट माणूस तिथं दोनदा पडायचा. हिराबाईला तर मशीनवरून आल्यावर उभंही राहवत नसे.

एक पावसाळा दोघं पवनानगरला खोली घेऊन राहिले. हिराबाईनं जेवण टाकलं. म्हणाली, "मशिनीला बांदताय, बांदा. मी काय बोलत न्हाई. पर राती मला माज्या घरात झोपू द्या." सावळाभाऊंनी ते कबूल केलं. त्यांच्या आयुष्यातलं पुढचं सगळं त्या एका कबुलीपायी होतं. हिराबाईला सकाळी घरातून काढायची आणि संध्याकाळी घरात पोचवायची, पाऊस कसाही असो. म्हशीची नोकरी त्यांनी धरली ती त्यासाठीच. साहेबांनी मंगळवार-शुक्रवार घर ते कॅम्प गाडी वापरायला दिली, पुढं लोणावळ्याला जीप होती; त्यांचे उपकार मी नाकारणार नाही.

पण नुसत्या चाकांवर म्हस त्या चढाला घसरायची. वर जायची, मागं यायची. हिराबाई कठडा धरून डोळे मिटून बसायची. अशात साहेबांनी पाहुण्यांच्या चिखलसफरीसाठी रबरी पट्टे मागवले. तीन चाकांवरून मिळून एक पट्टा चढवायचा, दोन बाजूंना दोन. रणगाड्याला असतात तसे. पट्टे चढवले की म्हस कुठल्याच चिखलात रुतणार नाही. सावळाभाऊंनी ते पट्टे कितीतरी वेळ उलटेपालटे करून पाहिले. मी त्यांना खूश झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मग ते म्हणाले, "पर टेकू कुटं हायेत?"

विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं. पट्ट्याचं सगळं ओझं चाकांच्या दांड्यांवर, म्हणजे अ‍ॅक्सलवर येतं. दांडा आतल्या बाजूनं धरलेला, बाहेरचं टोक मोकळं. तिथं बेअरिंगचा आधार दिला नाही तर दांडा वाकणार. साहेब म्हणाले, "टेकू पुढच्या महिन्यात बघू."

"मग पट्टं बी पुडल्या म्हैन्यात," सावळाभाऊ म्हणाले आणि हिराबाईला घेऊन लोणावळ्याला गेले. शुक्रवार होता.

त्याच दुपारी साहेबांनी कुणाला तरी बोलावून पट्टे चढवून घेतले, आठ-नऊ पाहुणे भरले आणि स्वतः हँडलवर बसले. संध्याकाळी जीप येऊन थांबली, सावळाभाऊ उतरले, आणि त्यांना दिसलं की म्हस एका अंगावर फताडी उभी आहे, मागचं चाक बाहेरच्या बाजूला कललेलं. मी ऑफिसच्या दारात आले. वाटलं, आता हा माणूस ओरडणार. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी हिराबाईला धरून आणलं, माझ्या लाल खुर्चीत बसवलं, म्हशीजवळ जाऊन वाटीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"मोडली," ते एवढंच म्हणाले. साहेब खाली मान घालून उभे होते.

त्या संध्याकाळी हिराबाईला मोटरबोटीनं पलीकडं नेलं. चढावर तिला त्याच लाल खुर्चीत बसवून एका बाजूनं सावळाभाऊ आणि दुसऱ्या बाजूनं आमचा आचारी अशी उचलली. पावसाची झड होती. आचारी सांगत होता, की अर्ध्या वाटेत हिराबाई हसायला लागली. म्हणाली, "लग्नात बी मला कुनी आसं उचललं न्हाई." सावळाभाऊ हसले नाहीत. खुर्ची तिकडंच राहिली. मी महिनाभर स्टुलावर बसून बुकिंगं घेतली.

साहेबांनी नवा दांडा आणवला आणि म्हणाले, "भाऊ, आता तुम्ही म्हणाल तसं." सावळाभाऊंनी कामशेतच्या एका वेल्डरला हाताशी धरून टेकू करून घेतले. दोन्ही बाजूंना एकेक जाड लोखंडी पट्टी, तिन्ही दांड्यांची बाहेरची टोकं जोडणारी, प्रत्येक टोकाला बेअरिंग. म्हस विटांवर ठेवली, सुताची दोरी धरली, एक केसभर इकडंतिकडं नाही असं सगळं बसवलं आणि बोल्ट आवळले. सावळाभाऊ तसे भारी गर्वाचे होते, ते त्या दिवशी समजलं. कॅम्पवरच्या प्रत्येकाला हाताला धरून ते टेकू दाखवायला नेत होते, मला तर दोनदा नेलं.

पुढच्या मंगळवारी मीही त्यांच्याबरोबर पलीकडं निघाले. हिराबाईनं भाकरी खायला बोलावलं होतं, आणि मला माझी खुर्चीही आणायची होती. संध्याकाळची वेळ, गाडीत सावळाभाऊ, हिराबाई, वस्तीवरची दोन माणसं, मी आणि तांदळाचं पोतं. पाणी झकास ओलांडलं. काठाला लागून म्हस चढाला लागली आणि खालून एखादं जनावर विव्हळावं तसा आवाज यायला लागला. मग जळका वास. सावळाभाऊंनी गाडी थांबवली, उतरून वाटीला हात लावला आणि हात झटकला. नवंकोरं बेअरिंग भाजून निघालं होतं.

इतकं सरळ बसवलेलं बिघडलं कसं, हेच त्यांना कळेना. ते चिखलात गुडघे टेकून एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं बघत होते. चेहरा मला बघवेना. कंटाळा त्यावर कायमच असायचा, पण त्या दिवशी तिथं हार होती, आणि ती मला परवडणारी नव्हती. मला काय, कुणालाच.

हिराबाई वर बसल्या बसल्या म्हणाली, "माप घेतलं तवा ही रिकामीच व्हती का?"

"मंग? भरून ठिवायची व्हती व्हय?"

"चोळी काय खुंटीला आडकवून बेतत्यात? अंगात घातल्यावर कळतं कुटं काचती ते."

सावळाभाऊंनी टेकूवरून बोट फिरवलं. खरंच होतं. म्हस रिकामी असताना सगळं सुतात होतं. माणसं बसली की तिचं पोट जरा खाली बसायचं, दांडे हलायचे आणि टेकू मात्र तिथंच अडून राहायचे. मग ते म्हणाले, "आदी का न्हाई बोललीस?"

"मला इचारलं कुनी?"

त्यानंतरची पद्धत ठरली ती अशी. पावसाळ्याच्या तोंडाला पट्टे आणि टेकू चढवायचे, पण बोल्ट ढिले ठेवायचे. मग हिराबाईला तिच्या नेहमीच्या जागी, मागच्या बाकाच्या डाव्या कोपऱ्यात बसवायचं, बाकीच्या जागांवर पोती ठेवायची, आणि मग सावळाभाऊ खाली आडवे होऊन एकेक बोल्ट आवळणार. मी छत्री धरून उभी. हिराबाई वरून म्हणायची, "दमानं आवळा. माजी हाडं न्हाईत ती." त्यांचाच शब्द ती त्यांना परत करायची. मग म्हस महिनोन्महिने एक शब्द न बोलता ये-जा करायची. वाटीला हात लावावा तर कोमट.

मी म्हणायची, "अहो, तिथंही पोतंच ठेवा की. तिला कशाला त्रास?" सावळाभाऊ म्हणायचे, "जिला न्यायची हाय, तिचंच वजन पायजे."

पहिल्या वर्षी हिराबाईच्या पायाशी काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी सावळाभाऊंनी तिच्या पायाशी एक लहान गोणी ठेवली, वाळू भरलेली. मी विचारलं तर म्हणाले, "हिचं वजन जरा कमी पडतंय." त्याच्या पुढच्या वर्षी ती गोणी मोठी झाली. हिराबाई तिच्यावर पाय ठेवून म्हणायची, "माज्यापक्षी आता गोनीच लय बसती गाडीत." पावसाळ्याच्या मध्येच सावळाभाऊ एखाद्या सकाळी बोल्ट ढिले करून पुन्हा आवळत बसलेले दिसायचे. डॉक्टर काय सांगत होते मला ठाऊक नाही. मला त्या गोणीची भीती वाटायची, आणि त्यांनाही वाटत असणार, कारण ती भरताना ते कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत.

हिराबाई गेली ती थंडीत, घरी, झोपेत. तिनं मागितलं होतं ते तिला मिळालं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. दिवस झाल्यावर सावळाभाऊ कामावर आले, डोकं भादरलेलं, त्यावर तीच टोपी. ऑफिसच्या दारात उभे राहिले. मी चहा मागवला. ते म्हणाले, "ताई, आता मंगळवार मोकळा झाला. शुक्करवार बी. साहेबांना सांगा, गाडी समदे दिवस चालंल."

त्या पावसाळ्यात त्यांनी पट्टे चढवलेच नाहीत. पाहुण्यांना काठाकाठानं फिरवायला चाकं पुरेशी होती. टेकू पडवीत खुंटीला लटकत राहिले. फेरी झाली की वाटीवर हात मात्र ठेवायचे, सवय ती. आणि मी तोपर्यंत कधी न पाहिलेली एक गोष्ट पाहिली. आता त्यांना खरंच काही घाई नव्हती, आणि तरी ते जास्तच दमलेले दिसायचे. वाहायला ओझं होतं तेव्हा हा माणूस उभा होता. मला ते बघून वाईट वाटायचं आणि मी त्यांना काहीबाही कामं सांगत राहायची.

यंदा साहेबांनी म्हस विकली. पाहुण्यांना आता पाण्यावर सुसाट पळणारी स्कूटर हवी असते. म्हस घेणारा माणूस कोकणातला होता, त्याला खाडीकाठच्या खाजणात, चिखलात फिरायला हवी होती, पट्ट्यांसकट. ट्रक दुपारी आला. त्याचा माणूस म्हणाला, पट्टे आणि टेकू चढवूनच द्या, तिकडं बसवणारं कुणी नाही.

सावळाभाऊंनी तिथंच खपून पट्टे चढवले, टेकू लावले, बोल्ट ढिले ठेवले. मग पोती आणून जागोजागी मांडली. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक पोतं ठेवलं, बाजूला होऊन पाहिलं आणि काढलं. दुसरं ठेवलं. तेही काढलं. ट्रकवाला घड्याळ बघत होता. साहेब मला खुणेनं विचारत होते, काय चाललंय.

मग त्यांनी गमबूट काढून बाजूला ठेवले, कठड्याला धरून वर चढले आणि त्या कोपऱ्यात बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हँडल सोडून म्हशीत दुसरीकडं कुठं बसलेलं पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, अगदी तिच्यासारखे, आणि पाना माझ्या हातात दिला.

"आवळा, ताई."

मी आयुष्यात कधी बोल्ट आवळला नव्हता. पदर खोचला आणि चिखलात बसले. ते वरून सांगत होते, आदी मदला, मग पुडचा, मग मागचा. "दमानं," म्हणाले. एका बाजूचे झाले, दुसऱ्या बाजूचे झाले. शेवटचा बोल्ट बसला तो पक्का बसला. मी उठून हात पुसले. ते मात्र पलीकडं बघत बसले होते. पाण्यापलीकडे वस्तीवरचा धूर वर चढत होता.

ट्रकवाल्यानं इंजिन चालू केलं. मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, "भाऊ, झालं. उतरता ना?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "तिला बी उतराया येळ लागायचा, ताई."

मी वळून ट्रकवाल्याला हात केला. त्यानं इंजिन बंद केलं.